चिमणीच्या पाठीवरचे रविवार

मिल्या,

आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि त्यात चूक माझी होती. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर मी गोल गोल फिरत राहीन आणि तू म्हणशील, "सुध्या, मुद्द्यावर ये."

तू जाऊन सव्वा महिना झाला. या सव्वा महिन्यात तुझ्याबद्दल बोलायला मला तीनदा उभं केलं. तुझ्या ऑफिसात, कॉलेजच्या ग्रुपमध्ये आणि आपल्या सोसायटीत. तिन्हीकडे मी तेच बोललो. हुशार इंजिनिअर, सरळ माणूस, बेचाळीस वर्षांचा शेजार. घोड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, की बोरिवलीत राहणारा, ब्लड प्रेशरची गोळी घेणारा, सत्तावन्न वर्षांचा माणूस दर रविवारी गोराईला जाऊन घोड्यावर का बसायचा? आणि खरं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सगळं मी फक्त तुलाच सांगू शकतो. यातलं अर्धं तुला ठाऊक आहे. उरलेलं तू गेल्यावर घडलं.

आधी तुझी झोप गेली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका उपनगरात एक बिल्डिंग पडली. तिचं स्ट्रक्चरल ऑडिट तू केलं होतंस. चौकशी झाली, तुझ्यावर काही आलं नाही. तू रिपोर्टात दुरुस्ती सांगितली होतीस, त्यांनी ती केली नव्हती. मी म्हणालो, "सुटलास रे."  त्यानंतर तू लग्नाच्या हॉलमध्ये जेवायचं सोडून वरच्या बीमकडे बघायला लागलास. डॉक्टरकडे गेलास तर रिकामी खुर्ची सोडून दाराच्या चौकटीत उभा राहायचास. एकदा तुझ्या अपर्णाने मला जिन्यात गाठलं. "भावजी, मिलिंद भिंतीला कान लावून उभा असतो हो. विचारलं तर म्हणतो, ऐकतोय."

"काय ऐकतो?"

"तेच सांगत नाही ना."

मी म्हटलं, होईल बरा. मला त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून शंभर कटकटी होत्या, आणि खरं सांगायचं तर तुझ्या डोळ्यांकडे बघायची मला भीती वाटायची.

गोराईला तू घोड्यासाठी गेलाच नव्हतास. ग्लोरियाच्या तबेल्याची पत्र्याची शेड वाऱ्याने कलली होती, ती बघायला तिने तुला बोलावलं होतं. तासाभराचं काम. तू उगवलास दुपारी तीनला. पँटला चिखल, शर्टाला उग्र वास आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे मी कित्येक महिने पाहिलं नव्हतं.

"एक घोडी आहे," तू म्हणालास. "मी शेडचे खांब ठोकून बघत होतो, तर मागून आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. हललीच नाही यार. मग मीही हललो नाही."

तिचं नाव चिमणी. एवढं अवाढव्य जनावर, रेसमधून बाद झालेलं, पाठ माझ्या डोक्याच्या उंचीला, आणि नाव चिमणी. ग्लोरियाला विचारलं तर म्हणाली, "लहान होती तेव्हा ठेवलं असेल कोणीतरी. मी कशाला बदलू? ती ओ देते ना त्या नावाला." ग्लोरिया गोराईचीच. साठीची, आखूड केस, पायात गमबूट. जे घोडे कुणाला नको झाले ते ती सांभाळायची आणि सकाळी दोन-चार माणसांना शिकवायची. शिकवताना ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. "मिलिंद, खाली काय बघतोस? खाली बघशील तर खालीच जाशील."

मला तू ओढून नेलंस ते चौथ्या रविवारी. फेरीबोटीत आपल्याबरोबर स्कूटरवाले आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी. मी म्हटलं, मी नुसता बघीन. ग्लोरियाने मला बाबू नावाच्या म्हाताऱ्या घोड्यापुढे उभं केलं आणि हातात खरारा दिला. "आधी अंग घासायचं. त्याला तुझी ओळख होऊ दे." वीस मिनिटं मी त्या घोड्याचं अंग घासलं. मग डावा पाय रिकिबीत, आणि वर.  तू चिमणीवर बसून हसत होतास, आणि मला एकदम जाणवलं, की तुझं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

मनाला बरं वाटतं म्हणजे नक्की काय होतं, असं मी तुला एकदा विचारलं होतं. आपण वाळूवर उतरलो होतो, ओहोटी होती, घोडे संथ चालीवर होते. तू आधी चिमणीच्या मानेवर थोपटलंस. मग म्हणालास, "जमिनीवर उभा असलो ना, तर चारी बाजूंनी भीती येते, की आता काहीतरी हलेल. हिच्या पाठीवर सगळं हलतच असतं. मग भ्यायचं कशाला?"

त्या दुपारी अपर्णा आमच्या दारात आली. पदर तोंडाशी धरलेला. मी घाबरलोच. ती कुजबुजली, "झोपलाय. दोन तास झाले. बेल वाजवू नका हां कोणी."

मिल्या, तो वर्षभराचा काळ तुझ्या आयुष्यातला चांगला काळ होता, असं मी मानतो. माझ्याही. बायको गेल्यापासून माझे रविवार मला खायला उठायचे. तू मला एक घोडा दिलास. दुडक्या चालीत घोड्याच्या तालावर उठायचं-बसायचं हे जमायला मला चार महिने लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी बाबूच्या मानेवर मी चक्क डोकं टेकलं. तू नुसता पुढे निघून गेलास. ते तुझं मला फार आवडलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं.

मग जानेवारी आला.

बिल्डिंगचं ऑडिट करायची वेळ झाली होती आणि घरचा इंजिनिअर म्हणून सोसायटीने काम तुलाच दिलं. तू मला खाली पार्किंगमध्ये बोलावलंस. पंपाच्या खोलीशेजारचा तो कॉलम, ज्याच्यावर शाळेत असताना आपण कोळशाने तीन स्टंप काढायचो. तू शेजारच्या कॉलमवर छोटी हातोडी मारलीस, खणखणीत आवाज आला. मग याच्यावर मारलीस. बद्द. जसं काही ओल्या गोणीवर मारलं. घराच्या किल्लीने तू प्लास्टर खरवडलंस, तर आतून गंजाचे पापुद्रे पडले आणि त्यांच्यामागे सळई दिसेना. सळई असायला हवी तिथे तांबडी माती होती.

"ही एकच जागा नाही," तू म्हणालास. "सुध्या, लोकांना बाहेर काढायला पाहिजे."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थांब." रिडेव्हलपमेंटची बोलणी दोन वर्षं अडून आता कुठे जुळत होती. करार व्हायच्या आधी बिल्डिंग धोकादायक ठरली तर वीस कुटुंबं हातात काही नसताना रस्त्यावर येणार, बिल्डर आपल्याला नाचवणार, हे मला दिसत होतं. खोटं नव्हतं ते. "दोन महिने दे. करार होऊ दे, मग टाक रिपोर्ट."

"दोन महिने तो थांबेल का?" तू कॉलमकडे बोट दाखवलंस.

"चाळीस वर्षं थांबलाय."

तू थांबलास. मी मागितलं म्हणून थांबलास. आणि त्याच आठवड्यापासून तुझी झोप पुन्हा गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तू मला ते सांगितलंस. आपण तिवरांच्या कडेने चाललो होतो. चिमणी आणि बाबू शेजारी शेजारी, लगाम सैल. तू समोर बघत बोलत होतास, माझ्याकडे नाही. त्या पडलेल्या बिल्डिंगच्या रिपोर्टात तू आधी लिहिलं होतंस, 'ताबडतोब रिकामी करावी.' त्यांचा सेक्रेटरी तुझ्या ऑफिसात आला, चांगला माणूस होता, अगदी हात जोडले. लोक घाबरतील, म्हातारी माणसं आहेत, शब्द जरा सौम्य करा. तू 'ताबडतोब' खोडून 'लवकरात लवकर' केलंस, आणि 'रिकामी करावी'च्या जागी 'दुरुस्ती करावी'. "एवढंच केलं यार," तू म्हणालास. "दोन शब्द." त्यात किती माणसं गेली ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तू म्हणालास, "तोही गेला त्यात. तो सेक्रेटरी."

बाबू चालत होता. मी त्याच्या मानेवरचे केस मुठीत धरले होते.

हे ऐकल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, उद्याच रिपोर्ट दे. मी म्हणालो, "आपल्या बिल्डिंगचं तसं नाही रे." तू वळून माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला आज जरा सोपं गेलं असतं.

मार्चपासून खाली रोज सकाळी स्कूटरच्या सीटवर पांढरी भुकटी दिसायला लागली. वॉचमन ती फडक्याने झटकायचा. पहिल्या मजल्यावरच्या शहांचं बाथरूमचं दार लागेना, त्यांनी सुतार बोलावून खालून घासून घेतलं. पंधरा दिवसांनी ते परत लागेना. शहांनी माझ्याकडे सुताराची तक्रार केली. मी सुताराला शिव्या दिल्या.

तुझा शेवटचा रविवार. जाताना फेरीबोटीतच तू म्हणालास, "दोन महिने झाले. उद्या रिपोर्ट देतोय."

"करार या महिनाअखेरीला आहे. चार आठवडे फक्त."

"उद्या देतोय, सुध्या."

"मग माझ्याशी बोलू नकोस. वीस कुटुंबांची वाट लाव आणि घोड्यावर बसून शांती मिळव तू." हे शब्द माझेच. बोटीतल्या दोघी-तिघींनी माना वळवून बघितलं.

तबेल्यात चिमणी तुला बसू देईना. तू जवळ गेलास की ती कान मागे पाडून बाजूला सरकायची. दोनदा, तीनदा. ग्लोरियाने तिचं तोंड धरलं, तरी तेच. "आज राहू दे, मिलिंद," ती म्हणाली. "तुला बरं नाही का? घाम बघ किती आलाय." तू म्हणालास, उकाडा आहे. मग तू चिमणीच्या शेजारी, तिच्या खांद्याला टेकून उभा राहिलास. बसला नाहीस, नुसता उभा राहिलास, अर्धा तास. मी लांबून बघत होतो. मी तुझ्याकडे आलो नाही, कारण बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं.

परतीच्या बोटीत आपण एकाच फळीवर बसलो, मध्ये तुझी बॅग. मी खाडीकडे तोंड केलं. तू मागच्या खांबाला डोकं टेकलंस. मला वाटलं, झोपलास. एवढंही मनात आलं, की बरं झालं, निदान झोप तरी लागतेय. बोरिवलीची जेट्टी आली, लोक उतरले. मी तोंड न वळवताच म्हणालो, "चल, उठ." मग तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तिथून पुढचं मी लिहीत नाही. अपर्णाला फोन मीच केला.

ग्लोरिया म्हणते घोडीला कळलं होतं. असेल. मला त्यात फारसं नवल वाटत नाही. कळायला मला हवं होतं. मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि पाण्याकडे बघत होतो.

आता जे तुला ठाऊक नाही ते.

तिसऱ्या दिवशी अपर्णाने तुझी ती बॅग माझ्या हातात दिली. "यात सोसायटीचे कागद दिसतात, भावजी. तुम्हालाच द्यायचे असतील." आत रिपोर्ट होता. पूर्ण, सही केलेला. तारीख त्याच रविवारची, म्हणजे सकाळी बोटीत चढायच्या आधीच तू सही करून आला होतास. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'इमारत ताबडतोब रिकामी करावी.' सौम्य काही नव्हतं. कॉलमचा फोटो होता. फोटोच्या कोपऱ्यात माझा पाय आला होता, माझी चप्पल.

मी तो रिपोर्ट कपाटात ठेवला. कुलूप लावलं. मिल्या, दहा दिवस तो तिथे होता. त्याबद्दल कुणालाच माहिती नव्हती. अपर्णा वाचायच्या मनःस्थितीत नव्हती. मी स्वतःला सांगत होतो, की तेरावं होऊ दे, घरात सुतक आहे, अशा वेळी लोकांना काय सांगायचं. पण मनातल्या मनात मी महिनाअखेर मोजत होतो. तू गेलास आणि मला हवे होते ते चार आठवडे मिळाले, असा विचार माझ्या मनाला शिवला. एकदाच. पण शिवला. हे मी कुणाला सांगू शकतो, तूच सांग.

तुझं तेरावं पार्किंगमध्ये केलं. टेबलं मांडली, वर कापड लावलं, तीस-पस्तीस माणसं. तुझा फोटो एका स्टुलावर ठेवला होता, मागून आधार हवा म्हणून कॉलमला टेकवून. कुठल्या कॉलमला, ते तुला कळलंच असेल. मी बघितलं आणि काही बोललो नाही. स्टूल तिथे सोयीचं होतं.

पानं वाढली. पहिली पंगत बसली. मी वाढप्यांच्या मागे उभा होतो, तेवढ्यात अपर्णा उठून फोटोजवळ गेली आणि पदराने काच पुसली. दोन मिनिटांनी पुन्हा गेली, पुन्हा पुसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "किती धूळ ही! आत्ताच तर पुसला होता."

मी फोटोकडे बघितलं. तुझ्या चेहऱ्यावर पांढरी भुकटी हळूहळू साचत होती. आवाज नाही, काही नाही. कॉलमच्या माथ्यावरून येत होती. कॉलमला टेकून शहांची धाकटी नात उभी होती, हातात जिलबी.

काय झालं मला ठाऊक नाही. मी ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी ओरडलो नसेन. "उठा! सगळे रस्त्यावर चला! पानं राहू द्या!" त्या पोरीला मी काखेत उचललं. लोकांना वाटलं आग लागली, काहींना वाटलं माझं डोकं फिरलं. ऐंशीला आलेले दळवीकाका पानावरून उठेनात. "सुधीर, तेराव्याच्या पानावरून उठवतोस? लाज वाटते का?" मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभं राहून मी तुझा रिपोर्ट वाचून दाखवला. वर जाऊन कपाटातून आणला होता. तू दोन महिने का थांबलास, तेही सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून, तेही. दहा दिवस तो कुठे होता, तेही. शहा माझ्या अंगावर धावून आले. ते बरोबरच होतं. अपर्णा एका स्कूटरवर बसली होती. ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. अजून बोलत नाही. जेव्हा बोलेल तेव्हा ती जे बोलेल ते मी ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात रिपोर्ट दिला. नोटीस लागली, पार्किंगमध्ये लोखंडी टेकू आले, फाटकाला पत्रे ठोकले. आठवड्यात सोळा घरं रिकामी झाली, मग आणखी तीन. कोणी नातेवाइकांकडे, कोणी भाड्याने. मी कांदिवलीला एका खोलीत आलो. करार लांबला. बिल्डर आता वेगळं बोलतो. मी म्हणत होतो तसंच झालं, आणि त्यात मला काडीचाही आनंद नाही.

राहिले दळवीकाका, चौथ्या मजल्यावर. काकू अंथरुणाला खिळलेल्या. मी रोज संध्याकाळी जायचो. त्या जिन्याने चढायचो, रिकाम्या घरांच्या कुलपांपुढून, भिंतीला हात न लावता. प्रत्येक मजल्यावर आपल्याच पावलांचा आवाज वेगळा यायचा. आणि तू भिंतीला कान लावून काय ऐकायचास, ते मला तिथे कळलं. ती बिल्डिंग बोलत होती रे. मध्येच टक् व्हायचं, मग खूप वेळ काही नाही.

"काका, चला."

"हिला कसं नेऊ? चार जिने. हिला धक्का सोसत नाही."

"आम्ही उचलतो."

"पाडलीत तर?"

पाचव्या दिवशी मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "मग मीही इथेच राहतो. उद्यापासून चहाला एक कप जास्त टाका." काका चिडले, मग रडले. शनिवारी सकाळी आम्ही चौघांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीने बांधलं आणि खाली आणलं. बेचाळीस पायऱ्या झाल्यावर काकूंनी विचारलं, "किती राहिल्या?" मी म्हटलं, "थोड्याच." खाली पार्किंगमधून जाताना चौघांपैकी कोणी श्वास घेतला नाही. रस्त्यावर आल्यावर काकूंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "खिडकी उघडी राहिली." मी काकांना परत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तू गेल्यानंतर पहिल्यांदा मी गोराईला गेलो.  बाबू आजारी होता म्हणून ग्लोरियाने चिमणीवर खोगीर चढवलं. मी म्हटलं, "ही मला बसू देईल?" ती म्हणाली, "मिलिंदने तुला इथे का आणलं माहितीय? मला सांगायचा, सुध्याशी जमिनीवर बोललं की भांडण होतं, घोड्यावर तो ऐकतो."

मला हे ठाऊक नव्हतं. तू मला घोडा दिलास असं मी समजत होतो. तू मला ऐकायला शिकवत होतास, आणि मी दोन महिने ऐकलं नाही.

चिमणीने मला बसू दिलं. फोन ग्लोरियाने नेहमीसारखा काढून ठेवायला लावला होता. वाळूवर कोणी नव्हतं. मी लगाम सैल सोडला. तुझ्याबद्दल काही आठवायचं असं ठरवून गेलो होतो, पण काही आठवलं नाही. रिपोर्ट नाही, बोट नाही, अपर्णाचा चेहरा नाही. तिची पाठ माझ्याखाली डुलत होती, कानांच्या मधून समुद्र दिसत होता, आणि माझ्या मनात काहीच नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं असेल. सत्तावन्न वर्षांत मला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. मी घाबरलोसुद्धा नाही.

उतरून फोन घेतला तर अकरा मिस्ड कॉल. पहिला नऊ चाळीसचा. समोरच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. मागे लोकांचा आरडाओरडा चालू होता. "सुधीरभाऊ, बसली," तो म्हणाला. "तुमची बिल्डिंग. पार्किंगवरच बसली. अशी सरळ खाली."

नऊ चाळीसला मी वाळूवर होतो. लगाम सैल होता.

ग्लोरियाने माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय झालं? आत कोण होतं?"

मी शहांना मोजलं, त्यांच्या नातीला मोजलं. एकेक मजला, एकेक दार. दळवीकाका, काकू. अपर्णा. पहिल्यापासून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं.

आत कोणी नव्हतं, मिल्या.